येत नाही, हे कोठे म्हणावे?

शंकाकार : बाई, नोकरीत असताना शिक्षकाने सतत शिकत राहिले पाहिजे, या आपल्या मताशी माझा विरोध नाही, विरोध आहे तो त्या शिकण्याची जी व्यवस्था लावण्यात आली आहे तिच्याशी, आणि तोही मी बाहेर उभा राहून करीत नाही. तीस वर्षांत मी जी उद्बोधने ऐकली, जे वर्ग पुरे केले, ज्या घटकसंचांची पाने उलटली, त्या सर्वांचे दाखले घरी एका पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले आहेत, आणि बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी व चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी मंजूर होताना त्यांतील काही उपयोगासही आले. परंतु पाथर्डीच्या डोंगराकडेच्या एका द्विशिक्षकी शाळेत माझ्या शिकवण्यात खरोखर पालट कशामुळे झाला, असे मी स्वतःस विचारतो, तेव्हा त्या पेटीतील एकही कागद डोळ्यांपुढे येत नाही. येते ती दुसरीतील एक मुलगी. पंचवीस म्हटले की ती बावन्न लिही, त्रेचाळीस म्हटले की चौतीस लिही. मी रागावलो, पाटीवर वीस-वीस वेळा लिहून घेतले, तिच्या बापास बोलावून घरी अभ्यास घेण्यास बजावले. पुढे अकराव्या वर्षी, ती मुलगी शाळा सोडून केव्हाच गेलेली असता, एका दुपारी माझ्या ध्यानात आले की तिचा कान माझ्याहून सावध होता : ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागून, आणि ती जसे ऐकी तसे लिही. भाषेने एकक आधी उच्चारावा आणि अंकलेखनाने दशक आधी मांडावा, अशा दोन रिवाजांच्या मध्ये ती पोर सापडली होती. हे मला कोणत्याही वर्गात कोणी सांगितले नाही. शिक्षक घडतो तो फळ्यापुढे. प्रशिक्षणात त्याची हजेरी लागते, इतकेच माझ्या अनुभवास आले आहे.

पुरस्कर्ती : गुरुजी, आपण जी साक्ष दिलीत ती आपल्या पक्षापेक्षा माझ्याच पक्षाला अधिक बळ देणारी आहे. अकरावे वर्ष, असे आपण म्हणालात. आधीच्या दहा वर्षांत आपल्या हातांखालून गेलेल्या मुलांपैकी किती जणांनी त्याच कारणासाठी बोलणी खाल्ली असतील, आणि गणित आपल्या डोक्यात शिरतच नाही असा समज उराशी धरून किती जणांनी पुढे शाळेकडे पाठ फिरवली असेल, याचा विचार आपल्या मनात आल्यावाचून राहिला नसणार. अनुभव शिकवतो हे खरे. परंतु त्या शिकवणीचे मोल आपण दिले नाही, त्या मुलांनी दिले. आणि ज्या गोष्टीचा शोध आपणांस एकट्याने लावावा लागला, ती इतरांना ठाऊक होती. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’च्या जोडीला ‘वीस पाच’ असे वाचन आणले, ते याच अडचणीसाठी. आपण रुजू झालात त्या पहिल्याच वर्षी हे आपल्या कानावर घालणारे कोणी भेटले असते, तर त्या मुलीच्या बापाला शाळेत यावे लागले नसते. वैद्यकाच्या व्यवसायाकडे पाहा. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी चालू राहावी म्हणून डॉक्टरला दर पाच वर्षांत तीस श्रेयांक-तासांचे शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याने पदवीनंतर ग्रंथ उघडला नाही अशा माणसाच्या हाती आपण आपली नाडी देणार नाही. मग मुलाचे मन का द्यावे?

शंकाकार : वैद्यकाचा दाखला वजनदार आहे, परंतु तो जसाच्या तसा आमच्या धंद्याला लागू पडत नाही. डॉक्टरच्या विद्येत बाहेरून भर पडते. नवे औषध निघते, जुने बाद होते, आणि ते त्यास कोणी कळवले नाही तर रोग्याच्या जिवावर बेतते. आमच्या विद्येतील मुख्य विषय जे मूल, ते कोठल्या प्रयोगशाळेत निघत नाही; ते रोज सकाळी दप्तर घेऊन आमच्याच दारात उभे राहते. आणि तीस तासांचे म्हणाल, तर तास मोजल्याने विद्या मोजली जाते, हा समज डॉक्टरांच्या बाबतीतही मला ग्राह्य वाटत नाही.

२०१९ चे उदाहरण आपण काढलेत ते बरे झाले. ती योजना विचारपूर्वक केलेली होती, हे मी मानतो. पण ती आमच्यापर्यंत पोहोचली कशी? आधी पुस्तक आले, मग वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत चर्चा गेली, आणि जून महिन्यात पालक शाळेच्या ओट्यावर येऊन विचारू लागले की गुरुजी, आमचे आकडे काय वाईट होते. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर पंचविसाचे बावन्न होताना पाहिले होते, त्यांना ‘तुमच्या पाहण्यात काय आले’ असे आधी विचारले असते, तर तेच त्या पुस्तकाचे सर्वांत मोठे कैवारी झाले असते. त्याऐवजी न विचारलेल्या प्रश्नाचे न उमगलेले उत्तर त्यांना लोकांपुढे समर्थावे लागले.

आणि काळ मोजण्याविषयी थोडे अधिक बोलू द्या. कोठारी आयोगाने १९६६ साली म्हटले की दर पाच वर्षांच्या सेवेत शिक्षकास दोन ते तीन महिने शिक्षण मिळावे. सर्व शिक्षा अभियानाने वर्षास वीस दिवस ठरवले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वर्षास पन्नास तास आले. महिने गेले, दिवस आले. दिवस गेले, तास आले. मोजावयाची वस्तू मात्र तीच राहिली. आयोगाच्या अहवालात त्या महिन्यांमागे काही एक दृष्टी होती. तालुक्याच्या दप्तरात उतरेपर्यंत तिच्यातून दृष्टी गळून जाते आणि आकडा तेवढा उरतो.

पुरस्कर्ती : आकडा उरतो, हे मला मान्य करावे लागते. पण गुरुजी, सरकार शेवटी देऊ काय शकते? जिज्ञासा देता येत नाही, नम्रता देता येत नाही. वेळ देता येतो आणि खर्च देता येतो. वर्षातील पन्नास तास शिक्षकास वर्गाबाहेर बसवून त्याचा पगार चालू ठेवणे, ही काही लहान गोष्ट नव्हे. मजुरास, शिंप्यास, बैलगाडी हाकणाऱ्यास हे कोणी कधी दिले नाही. त्या वेळाचे काय करावे हा पुढचा प्रश्न. तो वेळच नको, असे म्हणणाऱ्याने आपल्या जिल्ह्याचा इतिहास थोडा आठवून पाहावा. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन मिशनरी बाई १८३९ पासून १८६२ साली देह ठेवीपर्यंत नगरात मुलींच्या शाळा चालवीत होत्या. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचे शिक्षण घेण्यास त्यांच्याकडे आल्या. पुण्यात १८४८ साली जी शाळा निघाली तिच्यामागे नगरचे हे शिक्षण उभे आहे. निष्ठा त्यांच्या ठायी अपार होती, हे सांगावयास नको. तरीही निष्ठा पुरेशी आहे असे त्यांना वाटले नाही. शिकवणे ही शिकावी लागणारी कला आहे, हे ओळखून त्या दुसरीकडे गेल्या.

शंकाकार : त्याच नगरात जोतीरावही आले होते. गोवंडे नावाच्या मित्राबरोबर त्यांनी फॅरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि ती पाहूनच आपण पुण्यात शाळा काढण्यास प्रवृत्त झालो, असे त्यांनी पुढे ‘ज्ञानोदया’त सांगितले, ते पत्रही १८४२ साली नगरातूनच निघू लागले होते. त्या भेटीस कोणाचा हुकूम नव्हता, प्रवासभत्ता नव्हता, समारोपाच्या दिवशी प्रमाणपत्र नव्हते. एक माणूस मनात एक प्रश्न घेऊन आला, त्याने एक चालती शाळा डोळ्यांनी पाहिली, आणि परत जाऊन दुसरी उघडली. माझे म्हणणे एवढेच की प्रश्न घेऊन जाणारा आणि पाठवला म्हणून जाणारा, हे दोघे एकाच बाकावर बसले तरी एकाच वर्गात बसलेले नसतात.

पुरस्कर्ती : जोतीरावांचीच साक्ष काढावयाची तर ती पुरी काढू या. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावा, म्हणजे तो मुलांत मिसळेल व त्यांच्या गरजा जाणील, असे तर सांगितलेच. नांगराला किंवा सुताराच्या हत्याराला हात लावण्याची ज्यास लाज वाटणार नाही असा तो असावा, असेही त्यांच्या मनात होते. परंतु त्याच ठिकाणी तो प्रशिक्षित असावा, आणि अशा शिक्षकास दरमहा बारा रुपयांहून कमी देऊ नयेत, मोठ्या गावी पंधरा ते वीस द्यावेत, अशीही त्यांची मागणी आहे. म्हणजे ज्याने हुकुमावाचून शाळा काढली, त्यानेच पुढे सरकारपाशी शिक्षणाची व वेतनाची तजवीज मागितली. कारण गावोगावच्या शाळा चालवावयाच्या तर प्रत्येक गावास जोतीराव मिळणार नाही, हे त्यांना कळत होते. आपण विलक्षण माणसांची उदाहरणे देता. व्यवस्था मात्र सामान्य माणसासाठी करावी लागते. जुन्या शिक्षणखात्यालाही हे उमगले होते. मास्तरांसाठी त्याने ‘शालापत्रक’ चालवले, आणि कृष्णशास्त्री व त्यांच्यामागून विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासारख्यांनी ते संपादिले. विष्णुशास्त्र्यांचे संस्कृत कवींवरील निबंध प्रथम त्यातच आले. आडगावच्या पंतोजीस बाण आणि भवभूती कशास हवेत, असे त्या खात्यात कोणी म्हटले असते तर मराठी वाङ्मयाचेच केवढे नुकसान झाले असते, याचा विचार करावा.

शंकाकार : हे आपण फार मार्मिक बोललात, आणि त्याने माझे म्हणणे मला अधिक नेमके करता येते. सावित्रीबाई शिकण्यास आल्या तेव्हा त्या आरंभी उभ्या होत्या. त्यांना जे हवे होते ते त्यांना माहीत होते. पंचेचाळीस वर्षांचा शिक्षक प्रशिक्षणास येतो तेव्हा तो मध्ये उभा असतो. त्याच्याजवळ सवयी असतात, काही यश असते, आणि कोठे तरी खोल दडवलेले काही अपयशही असते. त्याच्या हाती आपण काय ठेवतो? राज्यस्तरावर जे ठरले ते जिल्ह्याच्या तज्ज्ञांस सांगितले जाते, ते तालुक्याच्या साधनव्यक्तींस सांगतात, त्या केंद्रावरच्या सुलभकांस, आणि ते आम्हांस. ओंजळीतले पाणी चौथ्या ओंजळीत येईतो किती उरेल, याचा दोष मी कोणाही एका माणसास देत नाही. सुलभक आमच्यातलेच असतात आणि तेही बिचारे आदल्या आठवड्यात कोठे तरी ऐकून आलेले असतात.

दहा वर्षांपूर्वी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रा’च्या दिवसांत ज्ञानरचनावाद समजून घ्यावयास राज्यभरचे शिक्षक साताऱ्याच्या कुमठे बीटातील शाळा पाहावयास जात होते. आम्हीही गेलो. एका शिक्षकाने दुसऱ्याची शाळा पाहावी, ही कल्पना मला आजही सर्वांत मोलाची वाटते, आणि तेथे पाहिलेली मुले खरोखर आनंदाने शिकत होती. पण आम्ही परत येऊन काय केले? वर्गाच्या फरशीवर आकडे आणि अक्षरे रंगवली. मीही रंगवली, गावाने वर्गणी दिली, साहेबांनी शेरेबुकात चांगला शेरा दिला. त्या फरशीमागे तेथील शिक्षकांनी स्वतःस कोणते प्रश्न विचारले असतील, मूल हातात वस्तू घेऊन काय विचार करते हे पाहण्यास ते किती महिने मुलांशेजारी मांडी घालून बसले असतील, ते आम्हांस एका दिवसात दिसणे शक्य नव्हते, आणि आम्ही ते विचारलेही नाही. दुसऱ्याचे उत्तर आणता येते, त्याचा प्रश्न आणता येत नाही; तो आपल्याच जमिनीत उगवावा लागतो.

पुरस्कर्ती : तो उगवावा कसा, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते शाळेचे नाही, म्हणूनच कदाचित आपण त्याकडे मोकळ्या मनाने पाहू शकाल. १९७० साली रजनीकांत आणि मेबेल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आले. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले. त्यांनी आरंभी सर्वमान्य मार्ग धरला आणि शिकलेल्या परिचारिका खेड्यांत नेमल्या. ते साधले नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या मुलींचे गावाशी जुळले नाही आणि गावाचे त्यांच्याशी. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिलाच शिकवावे, असे ठरले. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, कित्येक घरच्यांनी टाकलेल्या होत्या. आपण ज्यास प्रशिक्षण म्हणतो तसे एकदा देऊन त्यांची बोळवण केली गेली नाही. दर आठवड्यास त्या जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत, जातपात बाजूस ठेवून एकत्र जेवत, आणि गेल्या सात दिवसांत आपल्या गावात काय घडले ते सांगत : अमकीचे मूल हगवणीने सुकले, मी साखरमिठाचे पाणी पाजले, तरी ते सावरले नाही, तमक्याच्या पाठीवर चट्टा आहे, तो कुष्ठाचा की साधा, मला ओळखता आला नाही. डॉक्टर त्यावर शिकवीत, आणि जे शिकवले ते त्या बाया एकमेकींस परत सांगून पक्के करीत. पुढच्या आठवड्यास त्याच मुलाची, त्याच चट्ट्याची खबर घेऊन त्या परत येत. अशी कित्येक वर्षे गेली. निरक्षर म्हणून ज्यांना कोणी विचारीत नव्हते त्या बाया बाळंतपणे सुखरूप करू लागल्या, मुलांची वजने करू लागल्या, क्षय ओळखू लागल्या; बालमृत्यू उतरले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातील निवडक प्रयोगांच्या पुस्तकात जामखेडचा वृत्तान्त घेतला, १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गुरुजी, जामखेड आपल्या पाथर्डीपासून लांब नाही. हेही निरंतर प्रशिक्षणच होते. त्यास दिवस होता, ठिकाण होते, शिकवणारा होता, हजेरी होती. मग आपला आक्षेप व्यवस्थेवर आहे, की वाईट व्यवस्थेवर?

शंकाकार : जामखेडपुढे मी नमतो. त्या बायांच्या जागी स्वतःस ठेवून पाहतो तेव्हा मला जे दिसते ते सांगतो. त्यांच्या शिकण्याचा आरंभ ‘मला ओळखता आला नाही’ या वाक्याने होई. आमच्या शिकण्यात ते वाक्य उच्चारण्यास जागाच नाही.

आपणांस एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्यांच्या वाटेस लागतात. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, इकडची निम्मी घरे ऊसतोडीस जातात, आणि नवराबायकोच्या कोयत्याबरोबर पोरेही जातात. हंगामी वसतिगृहाची सोय असते तेथे काही राहतात. साऱ्यांस ती पुरत नाही. ती मुले मार्च-एप्रिलात परततात तेव्हा वर्ग पुढे निघून गेलेला असतो आणि त्यांनी दिवाळीपूर्वी जे शिकलेले असते तेही पाचटाबरोबर जळालेले असते. अशा मुलास पुन्हा कोठून धरावे, त्याचे वय तिसरीचे आणि वाचन पहिलीचे, त्यास लाज न वाटू देता कसे बसवावे, हे मला तीस वर्षांत धड आलेले नाही. एका प्रशिक्षणात मी हे विचारावयास उभा राहिलो. समोर तज्ज्ञ होते, बाजूस अधिकारी बसले होते. तोंड उघडण्यापूर्वी मनात हिशेब झाला : हे विचारले तर त्या मुलांची हजेरी मी कशी लावतो हे विचारतील, निम्मा वर्ग अप्रगत आहे हे आपल्याच तोंडाने कबूल केल्यासारखे होईल, गोपनीय अहवाल त्यांच्याच हाती आहे. मी अपूर्णांकाविषयी काही तरी विचारले आणि खाली बसलो. त्या सभागृहात माझ्यासारखे आणखी पाच जण त्याच प्रश्नावर गप्प बसले होते, हे मला चहाच्या वेळी कळले. खरे प्रशिक्षण त्या दिवशी चहाच्या पंधरा मिनिटांत झाले, आणि घंटा होताच ते थांबले.

आता त्यावर १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला : ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या मुदतीत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. न्यायालयाने मुलांच्या हक्काचा विचार केला, त्याविषयी मला काही म्हणावयाचे नाही. पण वीस वर्षे शिकवलेल्या माणसाच्या भाकरीवर ही मुदत टांगलेली असता ‘मला हे येत नाही’ असे तो कोणापुढे म्हणेल? जामखेडच्या बायांना वेतनश्रेणी नव्हती, निवड श्रेणी नव्हती, गोपनीय अहवाल नव्हता. न येण्याची कबुली देऊन गमवावे असे त्यांच्याजवळ काही नव्हते, आणि मिळवण्यासारखे मात्र पुष्कळ होते.

पुरस्कर्ती : त्या सभागृहात मीही कदाचित दुसऱ्या बाजूस बसले असेन. आपण सांगितलेत म्हणून मीही सांगते. ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न मला एकदा एका तरुण शिक्षिकेने सरळ विचारला होता. माझ्यापाशी उत्तर नव्हते. घटकसंचात ते पान नव्हते, आणि चार वाजेपर्यंत सारे घटक पुरे करून अहवाल धाडावयाचा होता. मी म्हटले, आपण यावर स्वतंत्रपणे बोलू; आणि पुढे कधी बोलले नाही. येत नाही, हे शिकवणाऱ्यानेही म्हणावयास हवे होते, ते मी म्हटले नाही. तो प्रसंग मला टोचत आला आहे, म्हणूनच कदाचित मी या कामास इतकी धरून आहे.

परंतु गुरुजी, सारे मौन भीतीपोटी असते, हे मी कबूल करणार नाही. काही मौन आळसाचे असते, काही तर निव्वळ उदासीनतेचे. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या ठाकर वस्तीवरील आई आपले मूल शाळेत सोडते, तेव्हा तिच्यापाशी शिक्षकाची पारख करण्याचे कोणतेच साधन नसते. ती परीक्षा, ती तपासणी, ते पन्नास तास, हेच काय ते तिच्या बाजूने उभे असते. कबुलीस अभय हवे, असे म्हणून आपण तपासणीच मोडीत काढली, तर ज्याला काहीच येत नाही आणि ज्याला ते येण्याची इच्छाही नाही, तो माणूसही त्याच अभयाच्या छत्राखाली सुखाने बसेल. जपानात शिक्षक एकत्र येऊन एखादा पाठ बेततात, एक जण तो मुलांना शिकवतो आणि बाकीचे मागे उभे राहून पाहतात. मात्र पाहावयाचे ते शिकवणाऱ्याकडे नव्हे, मुलांकडे. कोणते मूल कोठे अडले, कोणी कोणाच्या वहीत डोकावले, कोणाचा हात वर येता येता खाली गेला, यावर मग तासभर बोलणे होते. तेथे तपासणीही आहे आणि अभयही आहे, कारण दोष पाठाचा निघतो, माणसाचा निघत नाही. असे आपल्याकडे होणार नाही, असे मानण्याचे मला कारण दिसत नाही.

शंकाकार : होईल, फक्त पाहणाऱ्यांत ज्याच्या हाती शेरेबुक आहे असा कोणी नसावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा नवा वाण शेतकऱ्याने पत्करला तो बहुधा शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून, त्याचे पीक डोळ्यांनी पाहून. शेजाऱ्यास त्याने ‘माझे का वठले नाही’ असे मोकळेपणाने विचारले, कारण शेजारी त्याचा सातबारा हाती घेऊन बसलेला नव्हता. बाई, मी एक सुचवतो. दर महिन्यास केंद्रावर शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातील शेवटचा एक तास असा असावा की त्या तासास अधिकाऱ्याने उठून जावे, घटकसंच मिटावा, आणि प्रत्येकाने महिन्याभरात आपणांस न जमलेली एक गोष्ट सांगावी. दुसऱ्या कोणास ती जमली असेल तर त्याने सांगावे. कोणासही जमली नसेल तर पुढच्या महिन्यापर्यंत सर्वांनी ती करून पाहावी. मी ऊसतोडीची मुले घेऊन येईन. त्या तासाची नोंद मात्र कोठेही होऊ नये.

पुरस्कर्ती : आपली सूचना मला मनापासून आवडली, आणि म्हणूनच तिच्यातील शेवटच्या वाक्यापाशी मी अडते. नोंद नसेल तर तो तास झाला याचा पुरावा नाही, आणि पुरावा नसेल तर दोन वर्षांनी कोणी तरी नवा अधिकारी येऊन तो निरर्थक म्हणून बंद करील. तेही एका अर्थी सोसता येईल. पण दुसरी गोष्ट सोसता येणार नाही. समजा आपल्या केंद्रावर ऊसतोडीच्या मुलांना पुन्हा वर्गात बसवण्याची एखादी खरी तोड निघाली, चार-पाच शिक्षकांनी वर्षभर खपून ती पडताळून पाहिली. कर्जत-जामखेडकडचा, बीडच्या बाजूचा शिक्षक त्याच मुलांपुढे तसाच गप्प उभा आहे. त्याच्यापर्यंत ती कशी पोहोचावी? जामखेडचे जगास कळले ते आरोळ्यांनी लिहिले म्हणून. पंचविसाचे बावन्न का होतात हे आपणांस अकराव्या वर्षी उमगले, आणि ते आपल्या मनातच राहिले. आपण ते कोठे नोंदवले असते, तर नव्याने रुजू झालेल्या कोण्या मुलास ते पहिल्या वर्षी मिळाले असते.

शंकाकार : लिहावयास मला कोणी सांगितले असते, तर मी लिहिले असते काय, याची मला खात्री नाही. त्यात माझी दहा वर्षांची चूक लिहावी लागली असती.

पुरस्कर्ती : नाव न घालता लिहिता येईल.

शंकाकार : केंद्रात दहा-बारा शाळा, नाव न घालताही दुसऱ्या दिवशी साऱ्यांना कळेल की ही पाथर्डीकडची शाळा कोणती. आणि नाव, गाव, वर्ग, मुलाचे वय, ऊस तोडावयास ते कोणत्या महिन्यात गेले, हे सारे काढून टाकले, तर मागे जे उरेल ते पुन्हा घटकसंचातले पानच होईल.

पुरस्कर्ती : मग पहिल्या महिन्यास मी येईन ती वही न घेता. जे ऐकेन ते घरी गेल्यावर, आपणांस विचारून, आपण म्हणाल तेवढेच लिहीन.

शंकाकार : या. मात्र त्या दिवशीचा प्रवासभत्ता आपणांस मिळणार नाही. नोंद नसलेल्या तासाचा तो कोणी मंजूर करणार नाही.